विलंबाची कुळकथा

जुलै महिन्यात आम्ही देवरूखला एका स्नेह्यांकडे दोन दिवस मुक्कामाला होतो. स्नेही माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. घर जुने, जांभ्याच्या चिऱ्यांचे. ओटी, माजघर, मागे पडवी अशी जुन्या कोकणी घराची मांडणी. बाहेर पाऊस लागलेला. संध्याकाळी त्यांचा अकरावीतला मुलगा मोबाइल घेऊन आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, आमचा पन्नासचा प्लॅन होता, बाबांनी शंभरचा करून दिला. तरी गेम लॅग होतोच. मी भिंतीआड जाऊन लपतो, आणि लपल्यावर मला गोळी लागते!"

"गोळी लागते ते एका परीने बरंच आहे," स्नेही म्हणाले, "पण सकाळी माझा ऑनलाइन तास असला की माझाही आवाज असाच तुटतो. पैसे वाढले, फरक काही नाही."

तक्रार दोघांची वेगळी दिसत असली तरी दुखणे एकच आहे, आणि ते केवळ देवरूखचे नाही. 'शंभर एमबी'चा प्लॅन म्हणजे सेकंदाला १० कोटी बिट वाहून नेण्याची क्षमता. ती वाहतुकीची क्षमता झाली. एखादी गोष्ट किती वेळात पोचेल हे तिच्यावरून कळत नाही. चाळीस आसनांच्या जागी साठ आसनांची एसटी आणली म्हणून ती देवरूखहून संगमेश्वरला लवकर पोचत नाही. शिवाय या खेळांना फार माहिती वाहून न्यावी लागतच नाही. खेळाडू कोठे आहे, कोणत्या दिशेला तोंड आहे, बंदूक झाडली की नाही, एवढा मजकूर दीडएकशे बाइटांच्या लहानशा पुडक्यात मावतो. अशी पुडकी सेकंदाला साठ धरली तरी ७२ हजार बिट होतात. म्हणजे त्या शंभर एमबीचा हजारावा भागही खेळ वापरत नाही. त्याला हवे असते ते एवढेच, की प्रत्येक पुडके वेळेवर पोचावे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते, म्हणजे दर सुमारे १७ मिलिसेकंदांनी. पुडक्याला दोनशे मिलिसेकंद उशीर झाला तर बारा चित्रे शिळ्या माहितीवर काढली जातात.

हा उशीर होतो कोठे? हे शोधण्याचे साधन प्रत्येक संगणकात असते. त्याचे नाव 'पिंग'. अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधताना ध्वनीचा ठोका सोडतात आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजतात. त्या ठोक्याच्या आवाजावरून हे नाव पडले. दूरच्या संगणकाला एक पुडके पाठवायचे, त्याने ते जसेच्या तसे परत करायचे, आणि मधला वेळ मिलिसेकंदांत छापायचा. बस, एवढेच. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या स्टॉपवॉचइतके साधे हे उपकरण आहे, आणि आमच्या मते नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती ते अवश्य द्यावे.

आम्ही मुलाला एक वही घ्यायला लावली. पहिले मोजमाप घरातल्या घरात : मोबाइलपासून त्या चपट्या पेटीपर्यंत, म्हणजे राउटरपर्यंत. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा काहीतरी असतो. मोबाइलच्या वाय-फायच्या माहितीत तो सापडतो. मग दुसरे मोजमाप बाहेरच्या एखाद्या दूरच्या संगणकापर्यंत. आणि तिसरे पुन्हा तेच, पण घरातले दुसरे कोणी मोठा व्हिडिओ पाठवत असताना. या तीन आकड्यांच्या तुलनेतून दोषाची जागा बरीचशी ठरते.

माजघरात, राउटरजवळ उभे राहिल्यावर पहिला आकडा दोनतीन मिलिसेकंदांवर स्थिर होता. मुलाची खेळायची जागा मागच्या पडवीत. तेथे तोच आकडा एकदा पाच, एकदा ऐंशी, एकदा दीडशे असा नाचू लागला आणि मधूनच उत्तरच येईना. म्हणजे तक्रारीचा मोठा भाग घराबाहेर जाण्याआधीच, आठदहा मीटरांत तयार होत होता. आता प्रकाश किंवा रेडिओलहर एका मिलिसेकंदात ३०० किलोमीटर जाते. दहा मीटरांना तिला सेकंदाचा तीन कोट्यांशावा भाग पुरतो. मग दीडशे मिलिसेकंद गेले कोठे? प्रवासात नव्हे, थांबण्यात. वाय-फायमध्ये पुडके मुख्यतः थांबलेले असते. ते का थांबते हे समजण्यासाठी हवाई बेटांवर जावे लागेल.

नॉर्मन अब्रॅमसन हे स्टॅनफर्डमध्ये शिकवणारे विद्युत अभियंता. समुद्रलाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा त्यांना नाद, आणि त्या ओढीने ते हवाई विद्यापीठात आले. विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर, आणि शाखा निरनिराळ्या बेटांवर. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. तेव्हा १९६८ च्या सुमारास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रेडिओने संगणकाशी बोलायची योजना आखली, आणि जून १९७१ मध्ये 'अलोहानेट' सुरू झाले. मध्यवर्ती केंद्रावरच्या यंत्राला त्यांनी 'मेनेहुने' हे नाव दिले. हवाईच्या लोककथांतले हे रात्रीतून कामे उरकणारे चिमुकले लोक. (अमेरिकेतल्या अर्पानेटच्या यंत्राच्या नावाची आद्याक्षरे मिळून 'खोडकर भूत' असा अर्थ होत असे, त्यावरची ही कोटी.)

अडचण अशी, की सगळ्या बेटांवरून केंद्राकडे येणारी वारंवारता एकच. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही संदेश बिघडणार. तोपर्यंतचा रिवाज वेळ वाटून देण्याचा होता : तू आता बोल, मग तू. पण टंकलेखन करणारा माणूस बहुतेक वेळ गप्पच असतो. त्याला दिलेला वेळ फुकट जातो. अब्रॅमसन यांनी जवळजवळ उद्धटपणाची युक्ती काढली. ज्याला बोलायचे असेल त्याने खुशाल बोलावे. केंद्राकडून पोच आली तर ठीक. नाही आली तर टक्कर झाली असे समजावे, आणि काही काळ थांबून पुन्हा बोलावे. थांबण्याचा काळ मात्र प्रत्येकाने यदृच्छेने निवडावा, नाहीतर तेच दोघे पुन्हा पुन्हा एकमेकांवर आदळतील.

ही युक्ती वर्गात करून पाहता येते. दहा मुलांना डोळे मिटून बसवावे. वीस सेकंदांच्या काळात प्रत्येकाने स्वतःला वाटेल त्या क्षणी एकदाच, साधारण एक सेकंद टिकेल असे आपले नाव उच्चारायचे. फळ्याजवळच्या मुलाने निखळ ऐकू आलेली नावे मोजायची. एखादे नाव निखळ ऐकू यायचे तर त्याच्या आधीच्या एका सेकंदात कोणी सुरुवात केलेली नसावी आणि तो सेकंद संपेपर्यंत कोणी करू नये. म्हणजे धोक्याचा काळ दोन सेकंदांचा. उरलेल्या नऊ मुलांपैकी प्रत्येकाने तो टाळण्याची शक्यता ०.९, आणि सगळ्यांनी टाळण्याची ०.९ चा नववा घात, म्हणजे सुमारे ०.३९. सरासरीने चारेक नावे स्पष्ट येतील. आता वीस मुले घ्या. शक्यता ०.९ चा एकोणिसावा घात, म्हणजे सुमारे ०.१३५, वीस गुणिले ०.१३५ म्हणजे तीनाहूनही कमी. बोलणारे दुप्पट झाले आणि कळलेला मजकूर घटला! अब्रॅमसन यांच्या गणिताने हीच मर्यादा दाखवली : या पद्धतीत वाहिनीचा फार तर १८.४ टक्के वेळ कारणी लागतो. त्यापुढे गर्दी वाढवली की सगळ्यांचेच बोलणे कोसळते. प्रयोग चारपाच वेळा करून सरासरी काढावी, म्हणजे आकडे जुळू लागतात.

या गणिताने एका तरुणाची पदवी वाचवली. बॉब मेटकाफ यांचा प्रबंध हार्वर्डने पुरेसा सैद्धांतिक नाही म्हणून परत केला होता. त्यांनी अब्रॅमसन यांचा लेख वाचला, त्यातील गृहीतके सुधारली आणि तो भाग प्रबंधात घातला. पुढे १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात त्यांनी डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर तीच पद्धत एका तारेवर आणली आणि तिला 'ईथरनेट' हे नाव दिले. तेथे दोन सुधारणा होत्या. बोलण्यापूर्वी ऐकायचे, कोणी बोलत असेल तर थांबायचे. आणि बोलतानाही ऐकत राहायचे, टक्कर झाली की तत्क्षणी गप्प व्हायचे. लागोपाठ टकरी झाल्या तर थांबण्याच्या काळाची कमाल मर्यादा दर वेळी दुप्पट करायची.

वाय-फाय हे या ईथरनेटचे बिनतारी रूप. पण त्यातली दुसरी सुधारणा हवेत चालत नाही. स्वतःचा प्रेषक चालू असला की त्याच्या गजरात शेजारचा ग्राहक बहिरा होतो. ही अडचण महाराष्ट्राला फार जुनी ठाऊक आहे. १९२७ साली इंग्लंडशी थेट बिनतारी संदेशवहन सुरू झाले, तेव्हा प्रेषणकेंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहणकेंद्र सुमारे पाऊणशे किलोमीटरवर दौंडला बांधले गेले. एकाच वेळी बोलायचे आणि दूरचे क्षीण संकेत ऐकायचे तर तोंड आणि कान असे लांब ठेवण्यात अर्थ होता. मोबाइलच्या तळहाताएवढ्या पेटीत खडकी आणि दौंड कसे मावणार? म्हणून वाय-फायला बोलताना टक्कर कळत नाही. त्याला अलोहाप्रमाणे पोचेची वाट पाहावी लागते आणि पोच आली नाही तर पुन्हा यदृच्छेने थांबून बोलावे लागते. पहिल्या खेपेस थांबण्याची 'घरे' शून्य ते पंधरा यांतून निवडली जातात, मग शून्य ते एकतीस, असे करत १०२३ पर्यंत. एक घर नऊ मायक्रोसेकंदांचे, म्हणजे शेवटच्या पायरीवर नुसत्या मोजण्याचेच नऊ मिलिसेकंद. त्यातही मधे दुसरे कोणी बोलू लागले की मोजणी तेवढा वेळ थांबते. एकाच पुडक्याचे असे पाचसहा प्रयत्न झाले की पडवीतला नाचणारा आकडा समजतो.

वाय-फायचे मानक १९९७ साली ठरले. तेव्हाचा वेग सेकंदाला २० लाख बिट. त्यासाठी वापरलेला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेत १९८५ पासून परवान्याविना खुला होता. आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी कायद्यानुसार यंत्र बाळगायलाही परवाना लागे, २.४ गिगाहर्ट्झसाठी ही अट २००५ साली गेली, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग घराबाहेरच्या वापरासाठीही २०१८ साली मोकळा झाला. खुल्या जागेचे जे होते तेच येथे झाले : २.४ च्या पट्ट्यात शेजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी अशी सगळ्यांची दाटी. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, पहिली, सहावी आणि अकरावी.

आता देवरूखच्या भिंतीकडे वळू. जांभा हा सच्छिद्र दगड. चिऱ्यांची भिंत फूटभर जाड, आणि जुलैत तिने ओल धरलेली. पाणी सूक्ष्मलहरी शोषते. येथे एक समज दुरुस्त करायला हवा. २.४५ गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची अनुनादाची वारंवारता आहे, म्हणून भट्टीसाठी ती निवडली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. ते खरे नाही. द्रव पाण्यात असा टोकदार अनुनाद नसतो. शोषण वारंवारतेबरोबर वाढत जाते आणि त्याचा कमाल भाग २० गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. म्हणूनच ओल्या भिंतीतून २.४ पेक्षा ५ गिगाहर्ट्झची लहर अधिक थकते. गर्दी टाळण्यासाठी ५ चा पट्टा चांगला, पण भिंत ओलांडायला वाईट. एकाच खोलीत राउटर असेल तर ५, दोन भिंती मध्ये असतील तर २.४, असा ढोबळ नियम सांगता येईल. मुलाने कोठेतरी वाचून पडवीतही ५ चाच हट्ट धरला होता.

भिंत संकेत कमजोर करते हे कोणीही सांगेल. पण ती आणखी दोन खोड्या करते, आणि त्या आम्हांला जास्त रंजक वाटतात.

पहिली खोडी १९७५ साली तोबागी आणि क्लाइनरॉक या संशोधकांनी मांडली. बोलण्यापूर्वी ऐकायचे, हा नियम सगळे एकमेकांना ऐकू शकतात तोवरच उपयोगी. मुलगा मागच्या पडवीत, आई पुढच्या ओटीवर, आणि राउटर माजघरात. राउटरला दोघेही ऐकू येतात, पण दोन भिंतींमुळे दोघांच्या मोबाइलना एकमेकांचा पत्ताच नाही. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही बोलतात, आणि टक्कर राउटरच्या कानाशी होते. वर्गातला मघाचा खेळ पुढे न्यायचा असेल तर एक मूल वर्गात, एक बाहेर व्हरांड्यात, दोघांची तोंडे भिंतीकडे, आणि शिक्षक दारात उभे, असे करून पाहावे. यावर उपाय म्हणून बोलण्याआधी राउटरकडे परवानगी मागण्याची सोय मानकात आहे. पण खेळाचे पुडके इतके लहान, की परवानगीचाच मजकूर त्याच्या जोडीला बसतो.

दुसरी खोडी २००३ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल येथील संशोधकांनी दाखवली. संकेत कमजोर झाला की मोबाइल आपला वेग कमी करतो, जसे दूरच्या माणसाशी आपण सावकाश, अक्षर फोडून बोलतो. पण बोलायची पाळी मात्र सगळ्यांना सारखीच मिळते. त्यांनी दाखवले, की सेकंदाला ११ दशलक्ष बिटांनी बोलणाऱ्यांत एकच जण १ दशलक्षाने बोलू लागला, तर सर्वांच्याच वाट्याला १ दशलक्षाहून कमी येते. हवेचा बहुतेक वेळ तो एकटाच खातो. ओटीच्या टोकाला बसून कोणी चित्रफीत पाहत असेल, तर माजघरात राउटरशेजारी बसलेल्यालाही त्याचा फटका बसतो. दोष मात्र त्या बिचाऱ्याला दिसतो तो कंपनीचा!

असो. पहिल्या मोजमापावर आम्ही पुष्कळ रेंगाळलो, कारण कोकणातल्या घरात बहुतेक दुखणे तेथेच असते. पण स्नेह्यांचा आवाज तुटत होता तो माजघरातल्या टेबलाशी, राउटरच्या अगदी जवळ. त्याचे कारण तिसऱ्या आकड्यात सापडले. आईने पावसाळी सहलीचा व्हिडिओ नातेवाइकांना पाठवायला घेतला, आणि बाहेरचा आकडा चाळीसवरून आठशेवर गेला. व्हिडिओ पोचला, आकडा पुन्हा चाळीस.

ही रांग आहे. रांगेचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ साली पहिल्यांदा केले. त्यातली विद्यार्थ्यांना धक्का देणारी गोष्ट ही, की खिडकी निम्मा वेळ रिकामी असेल तर थांबणे क्षुल्लक असते. पण खिडकी जसजशी पूर्ण वेळ गुंतू लागते तसतसे थांबणे सम प्रमाणात वाढत नाही, उसळी घेते. नव्वद टक्क्यांवरून पंचाण्णववर गेलात की रांग जवळजवळ दुप्पट.

इंटरनेटला याचा अनुभव ऑक्टोबर १९८६ मध्ये आला. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांत अंतर चारशे यार्ड. मधल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. चालत जाऊन चिठ्ठी दिली असती तर लवकर झाले असते. व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधले : पुडकी रांगेत अडकली, पोच वेळेवर आली नाही, म्हणून पाठवणारे तीच पुडकी पुन्हा पाठवत राहिले आणि रांग आणखी लांबली. १९८८ साली त्यांनी उपाय प्रसिद्ध केला. पुडके हरवले म्हणजे वाट तुंबली असे समजावे आणि पाठवणाऱ्याने आपला हात आखडावा. आजही इंटरनेटवरची बहुतेक मोठी वाहतूक याच शहाणपणाच्या कोणत्या ना कोणत्या रूपावर चालते.

पण या शहाणपणात एक गृहीत दडलेले होते : वाट तुंबली की पुडके हरवेल. पुढे स्मृतीच्या चकत्या स्वस्त झाल्या. राउटर बनवणाऱ्यांनी सद्हेतूने, पुडकी हरवू नयेत म्हणून, मोठमोठे साठे ठेवले. आता पुडके हरवतच नाही, नुसते थांबते. आणि हरवत नाही म्हणून पाठवणारा हात आखडत नाही. समजा, बाहेर जाणारी वाट सेकंदाला २० लाख बिटांची आहे आणि साठ्यात १० लाख बाइट, म्हणजे ८० लाख बिट, मावतात. साठा भरला की शेवटच्या पुडक्याला चार सेकंद थांबावे लागेल. खेळाचे चिमुकले पुडके नेमके त्या शेपटाला येऊन उभे राहते. २०१० साली बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या जिम गेटिस यांनी स्वतःच्या घरातला सेकंदाहून मोठा विलंब मोजता मोजता हे पकडले, आणि साठ्यांच्या या सुजेला इंग्रजीत 'बफरब्लोट' असे नाव दिले. सोळा वर्षांच्या मुलाची तक्रार आणि या अनुभवी संशोधकाची तक्रार अक्षरशः एकच होती.

२०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि त्याच व्हॅन जेकबसन यांनी उतारा सुचवला. रांग किती लांब आहे हे पाहू नका. पुडके रांगेत किती वेळ उभे आहे ते पाहा. हा वेळ सुमारे शंभर मिलिसेकंदांच्या काळात पाच मिलिसेकंदांखाली एकदाही उतरला नाही, तर मुद्दाम पुडके टाकून द्यायला लागा, म्हणजे पाठवणाऱ्याला इशारा मिळेल. त्याला जोड मिळाली ती प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी करण्याची : तिकिटाच्या खिडकीशी एकाच माणसाने पन्नास तिकिटे मागितली तर त्याला बाजूला थांबवून एकेका तिकिटाच्या माणसाला मधून सोडतात, तसे. लिनक्समध्ये ही सोय २०१२ पासून आहे, आणि २०१७ साली हीच कल्पना वाय-फायच्या हवेतल्या वेळाची वाटणी न्याय्य करण्यासाठीही वापरून दाखवण्यात आली. ग्रनोबलच्या त्या जुन्या दोषावर हा उतारा होता. घरोघरच्या स्वस्त पेट्यांत मात्र ती असतेच असे नाही. पेटी विकत घेताना वेगाचे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात. रांगेचा आकडा कोणी छापत नाही.

उरले अंतर. मुलाने विचारले, हे सगळे नीट केले तरी सिंगापूरच्या सर्व्हरवर आकडा साठच्या खाली का येत नाही? काचेच्या तंतूत प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद. केबल श्रीलंकेला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते, मधे यंत्रे असतात, पन्नास-साठ होतातच. ही मर्यादा निसर्गाची, तिला प्लॅन नाही.

मुंबईचा समुद्राखालच्या तारेशी संबंध १८७० पासूनचा आहे. 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने त्या वर्षी मुंबईहून एडनपर्यंत तार टाकली आणि तेथून पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर अशी ती लंडनला जोडली गेली. तारेत संकेत धावत असला तरी मधल्या ठाण्यांवर माणसे संदेश उतरवून घेत आणि पुढच्या तारेवर पुन्हा वाजवत. टेबलावर कागद साचले की संदेश थांबे. विलंब तेव्हाही फार करून टेबलावरच होत होता. अंतराचा खरा चटका पुढे पुणे जिल्ह्यातल्या आर्वीच्या उपग्रह भूकेंद्रामुळे १९७० च्या दशकात परदेशी टेलिफोन करणाऱ्यांना कळला. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि उत्तर यायला आणखी पाव. दोघेही एकदम बोलू लागत आणि दोघेही एकदम थांबत. ज्यांनी असे फोन केले आहेत त्यांना अलोहाची टक्कर वेगळी समजावून सांगायला नको.

खेळ लिहिणाऱ्यांनी या मर्यादेशी वेगळ्याच प्रकारे तडजोड केली. १९९६ साली 'क्वेक' हा खेळ आला. टेलिफोनवरून खेळणाऱ्यांना कळ दाबल्यावर आपला खेळगडी हलायला पाव सेकंद लागे. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन कारमॅक यांनी सुधारलेल्या आवृत्तीत असे केले, की सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूचा संगणक स्वतःच अंदाजाने गडी हलवतो आणि उत्तर आले की चूक दुरुस्त करतो. मग २००१ साली व्हॉल्व्ह कंपनीच्या याह्न बर्नियर यांनी दुसरी युक्ती सविस्तर मांडली. गोळी झाडल्याचे पुडके सर्व्हरला मिळते तेव्हा सर्व्हर काळ मागे फिरवतो : गोळी झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी प्रतिस्पर्धी कोठे दिसत होता ते तपासतो, आणि त्यावरून निकाल देतो.

येथे मुलाच्या पहिल्या तक्रारीचे उत्तर मिळते. तो भिंतीआड गेला ते त्याच्या पडद्यावर. पलीकडच्याच्या पडद्यावर तो अजून शंभर-दीडशे मिलिसेकंद उघड्यावरच होता, आणि सर्व्हरने पलीकडच्याचा पडदा खरा मानला. त्यात लबाडी नाही. दोघांच्या 'आत्ता'मध्ये फरक आहे, आणि कोणाचे तरी 'आत्ता' मानल्याशिवाय निकाल देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउटर टीव्हीच्या कपाटातून काढून माजघराच्या दारावरच्या फळीवर ठेवला, म्हणजे मागच्या पडवीकडे लहर भिंतीतून न जाता दारातून जाऊ लागली. दुपारी बाजारातून वीस मीटर ईथरनेटची तार आणली आणि ती थेट स्नेह्यांच्या टेबलापर्यंत नेली. तारेला टक्कर नाही आणि ओलही नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर मर्यादा घालायची सोय सापडली. ती मोजलेल्या क्षमतेच्या थोडी खाली ठेवली, म्हणजे रांग तुंबण्याआधीच वेग आवरला जाईल. पडवीतला आकडा दहाच्या आत आला. व्हिडिओ पाठवताना बाहेरचा आकडा साठसत्तरच्या वर जाईना. शंभरचा प्लॅन पुढच्या महिन्यापासून पुन्हा पन्नासचा करायचे ठरले.

रात्री नऊ वाजता मात्र तारेवरूनही आकडा चाळीसवरून नव्वदवर जातो, असे मुलाने गेल्या आठवड्यात फोनवर कळवले. राउटरपर्यंतचा आकडा त्या वेळीही एकच मिलिसेकंद असतो. म्हणजे रांग आता घरात नाही, गावाच्या जोडणीवर कोठेतरी आहे. आम्ही त्याला रोज संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत दर अर्ध्या तासाने आकडा टिपायला आणि आलेख काढायला सांगितले आहे.